फाट्यावरच्या मावशीचं हॉटेल : आलुबोंडा, चहा आणि मागची खोली

दारव्ह्याकडून आमच्या गावाकडे वळताना फाट्यावर नाल्याचा पूल लागतो. पुलाला लागूनच टिनाच्या छपराचं एक हॉटेल आहे. त्यावर पाटी नाही. आधी एका कोल्ड्रिंकवाल्याने लावून दिलेला पत्रा होता, तो एका उन्हाळ्यातल्या वादळात उडून गेला आणि नंतर कोणी लावला नाही. आसपासच्या दहा गावांत त्याला ‘मावशीचं हॉटेल’ म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. नऊ वर्षं गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. या हॉटेलबद्दल बरंवाईट बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्याचं खरं काम काय ते कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही. म्हणून हे लिहितो.

आधी खाण्याचं सांगतो, कारण बहुतेक लोक त्यासाठीच गाडी थांबवतात. सकाळी साडेसहाला कढई चढते. आलुबोंडा मोठा, जवळपास मुठीएवढा. आतला आलू पूर्ण लगदा केलेला नसतो, दाताखाली फोडी लागतात. हिरवी मिरची, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. बोंडा वाटीत फोडायचा, वरून चण्याचा रस्सा ओतायचा आणि त्यावर कच्चा कांदा घ्यायचा. रश्शाचा मसाला मावशी घरी भाजते. सुकं खोबरं, धने, खसखस आणि मिरची, सगळं वेगवेगळं भाजून पाट्यावर वाटलेलं. तर्री लाल आणि तिखट. पोटाची तक्रार असेल तर ‘वरची तर्री नको’ एवढं आधीच सांगा. दोन बोंड्यांची प्लेट पंचवीस रुपये, चहा दहा. थंडीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर मिळते. जानेवारीतली ती आमटी खायला मी यवतमाळहून पाहुणे घेऊन आलो आहे.

उणिवाही सांगतो. चहा फार गोड असतो. साखर पातेल्यातच पडते, त्यामुळे मागून सांगून उपयोग नाही. बायकांसाठी शौचालय नाही, ही मोठी कमतरता आहे. मी मावशीला चारदा बोललो आहे आणि पाचव्यांदाही बोलणार आहे. फोनवरून पैसे देता येतात, पण पुलापाशी नेटवर्क जातं, म्हणून खिशात सुटे पैसे असू द्यावेत. पावसाळ्यात टिनाचा आवाज इतका होतो की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

आता मागच्या खोलीकडे येतो.

तो नाला आमच्या गावाची आणि पलीकडच्या गावाची शीव आहे. हॉटेल त्याच्या काठावर आहे. मावशी मूळची वर्धा जिल्ह्यातली. नवरा गेल्यावर भावाने तिला इथं तीन गुंठे जागा घेऊन दिली. दोन्ही गावांत तिचं ना सासर ना माहेर, ना शेत ना सोयरीक. मागे कुडाची एक खोली होती, पुढे तिने ती विटांची बांधली. तिला दोन दारं आहेत, एक हॉटेलातून आणि एक नाल्याच्या बाजूने. आत दोन लाकडी बाकं, एक टेबल आणि खिडकीतून दिसणारा निंब. या खोलीचं ती भाडं घेत नाही. फक्त चहापाण्याचे पैसे घेते.

वर्गात ‘तटस्थ’ हा शब्द आला की मी तो फळ्यावर फोडून दाखवायचो. तट म्हणजे काठ, आणि काठावर उभा तो तटस्थ. पोरं लगेच म्हणायची, ‘म्हणजे पाण्यात न उतरणारा’. बोलीतही आपण ‘काठावर बसला’ असं म्हणतो तेव्हा त्या माणसाला नावंच ठेवत असतो. मावशीलाही तेच ऐकावं लागतं. ‘बाई दोन्हीकडून खाते’, ‘तिला कोणाचंच काही पडलेलं नाही’. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. काठावरही एक काम असतं, आणि ते अवघड असतं.

१९८५ चा नोव्हेंबर मला आठवतो. माझी पहिली नेमणूक होती. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे शाळेत निम्मी पोरं. संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर रेडिओ लावला की चार शेतकरी येऊन बसायचे. एका संध्याकाळी बातमी आली की स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांची भेट झाली. त्या बैठकीचे दोन दिवस होते, १९ आणि २० नोव्हेंबर. बातमी संपल्यावर एका म्हाताऱ्या दादाजींनी मला विचारलं, “गुरुजी, एवढे मोठे देश, मंग एकमेकाच्या घरी काऊन नाही जात? तिसऱ्याच्या घरी कायले बसून राह्यले?”

त्या दिवशी मी पुस्तकातलं उत्तर दिलं. स्वित्झर्लंड तटस्थ आहे, १८१५ मध्ये युरोपातल्या सत्तांनी त्याची तटस्थता मान्य केली, वगैरे. दादाजींचं समाधान झालं नाही. खरं उत्तर मला पुढे तंटामुक्तीच्या कामात मिळालं. ते त्यांच्याच बोलीत होतं : आधी पायरी कोणी चढायची?

गावात भांडण मिटवायला बसायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. ज्याने दुसऱ्याची पायरी चढली तो नमला. म्हणून तिसरी पायरी लागते, आणि त्या तिसऱ्या पायरीवरही हिशेब असतो. जिनिव्हात पहिल्या दिवसाचं यजमानपण अमेरिकेकडे होतं, सरोवराकाठच्या एका बंगल्यात. थंडीत रेगन ओव्हरकोट न घालता पायऱ्या उतरून बाहेर आले आणि ओव्हरकोट-टोपी घातलेल्या गोर्बाचेव्ह यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी बैठक सोव्हिएत कचेरीत झाली. १९६१ च्या जूनमध्ये अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात भेटले तेव्हाही तसंच. एक दिवस अमेरिकन राजदूताच्या घरी, एक दिवस सोव्हिएत वकिलातीत. शहर तिसऱ्याचं, आणि पायऱ्या आळीपाळीने. ऑस्ट्रियाने १९५५ च्या ऑक्टोबरात कायदा करून कायमची तटस्थता स्वीकारली होती. त्याआधी दहा वर्षं चार देशांचं सैन्य त्याच्या भूमीवर बसलेलं होतं. सहा वर्षांत तोच देश त्यांतल्या दोघांना चहाला बोलावू शकला.

स्वित्झर्लंड किती लहान आहे हे आपल्याकडच्या मापाने सांगतो. क्षेत्रफळ सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर. आपला अमरावती विभाग, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा हे पाच जिल्हे, त्याहून मोठा आहे. लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. अमरावती विभागापेक्षा लहान देश, आणि त्याच्या गावात येऊन जगाचे दोन दांडगे बसतात.

आता आमच्या पांदणीचं, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटेचं सांगतो, त्यातून त्या खोलीची किंमत कळेल.

आमच्या गावात दोन चुलत घरं आहेत. थोरलं घर आणि धाकटं घर एवढंच म्हणतो. थोरल्या घराच्या शेताच्या कडेने जुनी पांदण जाते, आणि तिच्यावर पुढच्या आठ शेतकऱ्यांची वहिवाट आहे. धाकट्या घराचं शेत त्यातलंच. पाण्याच्या पाइपवरून दोघांचं वाजलं, आणि २०२२ च्या पावसाळ्यात थोरल्या घरच्यांनी पांदण नांगरून तिथं बाभळीच्या काट्या टाकल्या. सोयाबीन काढून शेतात गंजी लावलेली होती. गाडी बाहेर काढायला रस्ता नाही. परतीचा पाऊस आला आणि गंजीच्या आतून कोंब फुटले. मी स्वतः हात घालून पाहिलं. आत गरम वाफ होती, आणि दाणे बोटांना चिकटत होते. धाकट्या घरचा मुलगा गंजीशेजारी बसून होता, काही बोलत नव्हता.

मामलेदार न्यायालयाच्या १९०६ च्या कायद्याने तहसीलदाराला असा अडवलेला रस्ता मोकळा करता येतो. अर्ज दिला. एका कार्यालयात अकरा महिने तारखा पडल्या. एकदा साहेब नाही, एकदा नकाशा नाही, एकदा समोरचा हजर नाही. दरम्यान दोन घरांमधलं पाणीसुद्धा बंद झालं. एका लग्नात अर्धा गाव गेला, अर्धा नाही.

बसायचं कुठं? ग्रामपंचायतीत नाही, सरपंच थोरल्या घराच्या पॅनलचे. मारुतीच्या पारावर नाही, तिथला सभामंडप धाकट्या घराने बांधून दिलेला. माझ्या घरी नाही, आमच्या घरच्यांचं आणि धाकट्या घराचं दूरचं नातं. तेव्हा मावशीचं हॉटेल सुचलं. मी तिला विचारायला गेलो. तिने हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, “बसा ना. खोली रिकामीच हाय. पण गुरुजी, मले मधात नोका घेऊ. चहा माह्याकडं, निकाल तुमच्याकडं.”

पहिल्या बैठकीत ते एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. थोरल्या घरचे पुढे टिनाखाली बसले, धाकट्या घरचे मागे निंबाखाली. मी मधून ये-जा करत होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावलं, त्या दुपारी ती मी किती वेळा मोजली असतील. आणि तिथं माझ्या हातून चूक झाली. थोरल्या घरचे काका म्हणाले होते, “रस्ता मागू नये त्यानं, विचारावं.” मला वाटलं एवढं कडक कशाला सांगायचं. मी निंबाखाली जाऊन म्हणालो, “ते तयार आहेत, थोडं नरमाईने घ्या.” धाकट्याने लगेच विचारलं, “तयार हाय तर मंग उद्या काट्या काढते का?” मी ते घेऊन परत गेलो आणि काका उसळले. “मी तयार हाय म्हणून कोणी सांगतलं?” बैठक मोडली.

मी खाली मान घालून ग्लास गोळा करत होतो. मावशी कढईपाशीच होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “जे बोलले तेच सांगजा गुरुजी. तुमच्या तोंडचं गोड नोका लावू.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. स्वित्झर्लंड नेमकं हेच काम वर्षानुवर्षं करत आला आहे. अमेरिका आणि इराण यांचे राजनैतिक संबंध १९८० मध्ये तुटले. तेव्हापासून तेहरानमध्ये अमेरिकेच्या हितसंबंधांचं काम स्विस वकिलात पाहते. क्युबात १९६१ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षं, त्यांनी अमेरिकेचं असंच काम पाहिलं. आपल्यालाही त्याचा उपयोग झाला आहे. १९७१ च्या युद्धात भारत-पाकिस्तानचे संबंध तुटले, तेव्हा भारताचं पाकिस्तानातलं आणि पाकिस्तानचं भारतातलं काम १९७६ पर्यंत स्विस लोकांनीच पाहिलं. दोघांचंही, एकाच वेळी. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेने इराणचे सेनापती सुलेमानी यांना मारलं आणि आता युद्ध पेटतं की काय असं वाटू लागलं. त्या दिवसांतही निरोप तेहरानच्या स्विस वकिलातीतून जात होते, आणि आलेल्या बातम्यांनुसार त्यासाठी तिथं सांकेतिक फॅक्सचं एक वेगळं यंत्रच ठेवलेलं आहे. बाहेर दोन्हीकडून धमक्या दिल्या जात असतात आणि आत निरोप जसाच्या तसा पोहोचत असतो. टपाल्याने पत्रातला एक शब्द जरी बदलला तरी काय होतं, ते मी बावीस पावलांच्या अंतरात पाहिलं आहे.

बावीस पावलांचंही मोठं उदाहरण आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये इराणच्या अणुकराराची बोलणी व्हिएन्नात पुन्हा सुरू झाली. इराण अमेरिकेसमोर बसायला तयार नव्हता. मग रस्त्याच्या दोन बाजूंना दोन हॉटेलं. एकात इराणसोबत करारातले बाकीचे देश, दुसऱ्यात अमेरिकन, आणि युरोपचे अधिकारी रस्ता ओलांडून निरोप नेत-आणत होते. ही बातमी वाचलेली मला नेमकी त्या दुपारी आठवली. पुढे टिनाचं छप्पर, मागे निंब.

दुसरी बैठक महिन्याने झाली, या वेळी खोलीत. आधी कोण आत जाईल यावर पुन्हा अडलं. इथं मावशीची दोन दारं कामी आली. एक घर हॉटेलातून, दुसरं नाल्याकडून, दोघंही एकदमच आत. लोकांना हे पोरखेळासारखं वाटतं, पण व्हिएतनाम युद्धाच्या वाटाघाटींत पॅरिसला टेबलाचा आकार कसा असावा यावर आठवडेच्या आठवडे गेले होते. १९६९ च्या जानेवारीत तोडगा निघाला तो एक गोल टेबल आणि बाजूला दोन लहान चौकोनी टेबलं असा. तिकडे रोज माणसं मरत होती. तरीही टेबलावर भांडले, कारण कोण कोणाच्या बरोबरीने बसतो यातच अर्धं भांडण असतं.

मावशीने टेबलाच्या मधोमध किटली ठेवली, ग्लास पालथे मांडले आणि दार ओढून निघून गेली. चहा कोणाला आधी वाढायचा हा प्रश्नच तिने ठेवला नाही. बराच वेळ किटलीला कोणी हात लावला नाही. चहा थंड झाला. शेवटी थोरल्या घरच्या काकांनी किटली उचलली, आपल्या ग्लासात ओतला, आणि मग काही न बोलता पुतण्याचा ग्लास सरळ करून त्यातही ओतला. मी हे फार जवळून पाहिलं. हात थोडा थरथरत होता, आणि चहा बाकावर सांडला.

जिनिव्हात रेगन आणि गोर्बाचेव्ह यांचंही असंच काहीसं झालं. पहिल्या दुपारी ते सरोवराच्या बाजूच्या एका छोट्या घरात जाऊन शेकोटीपाशी बसले, फक्त दुभाषांना घेऊन. त्या भेटीत शस्त्रं कमी करण्याचा करार झाला नाही, पण निघताना दोघांनी मिळून एक निवेदन दिलं. अणुयुद्ध कोणीच जिंकू शकत नाही आणि ते कधीही होता कामा नये, असं त्यात होतं. करार दोन वर्षांनी झाला. जिनिव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. रेगन ज्या घरात उतरले होते ते इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू आगाखान यांचं राहतं घर. तिथल्या मुलाचे पाळलेले मासे होते आणि त्यांतला एक रेगन यांच्या मुक्कामात मेला. अणुबॉम्बच्या बोलणीतून वेळ काढून त्या माणसाने दुसरे मासे शोधून आणायला लावले आणि मुलासाठी दिलगिरीची चिठ्ठी ठेवली. दुसऱ्याच्या घरात माणूस जरा सांभाळून वागतो. आपल्या घरात असतो तर तो मासा कोणी पाहिलाही नसता. आमचे काका स्वतःच्या ओसरीवर असते तर त्यांनी ग्लास सरळ केला नसता, याची मला खात्री आहे.

तिसऱ्या बैठकीत मिटलं. पांदण बारा फूट, जुन्या दगडापासून मोजायची. वळणावर धाकट्या घराने धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, तीन फूट सोडायचे. काट्या थोरल्या घराने काढायच्या, मुरमाचा खर्च निम्मा-निम्मा. कापूस वेचणीच्या आधी रस्ता मोकळा.

आता मावशीला याची काय किंमत पडते ते लिहितो, कारण ‘दोन्हीकडून खाते’ म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका पॅनलची माणसं हॉटेलवर बॅनर लावायला आली. तिने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, त्यांनाही नाही. मग दोन्ही पॅनलच्या लोकांनी तिथं येणं सोडलं. पंधरा दिवस कढईत निम्मे बोंडे पडत होते. त्या दिवसांत मी रोज सकाळी जात असे. ती तक्रार करत नव्हती, पण दूध कमी घेत होती. सतराव्या दिवशी एका पॅनलला दुसऱ्याशी उपसरपंचपदाचं बोलायचं होतं, आणि बसायला जागा हवी होती.

तटस्थ आहे असं आपण कितीही म्हटलं तरी समोरच्या दोघांनी ते मानावं लागतं. स्वित्झर्लंडलाही हे आता अनुभवाला आलं आहे. २०२१ च्या जूनमध्ये बायडेन आणि पुतिन जिनिव्हात भेटले, सरोवराकाठच्या बागेतल्या जुन्या बंगल्यात. स्विस अध्यक्षांनी स्वागत केलं आणि ते बाजूला झाले. पुढच्याच वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि २८ फेब्रुवारी २०२२ ला स्वित्झर्लंडने युरोपीय संघाचे निर्बंध स्वतःही लागू केले. मग ऑगस्टमध्ये युक्रेनने रशियातलं आपलं काम स्विस लोकांना द्यायचं ठरवलं, तर रशियाने नकार दिला. तुम्ही आता तटस्थ राहिला नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जून २०२४ मध्ये ब्युर्गेनश्टॉकच्या डोंगरावर युक्रेनसाठी शांतता परिषद भरली. तिला रशियाला बोलावणंच नव्हतं, आणि आपल्या देशाने हजर राहूनही अंतिम निवेदनावर सही केली नाही. भांडणातला एकच पक्ष येतो तेव्हा ती बैठक होते, समझोता होत नाही. फिनलंडने तर काठच सोडला. १९७५ मध्ये ज्याच्या राजधानीत, हेलसिंकीत, ३५ देशांनी युरोपातल्या सुरक्षेच्या जाहीरनाम्यावर एकत्र सह्या केल्या, त्या फिनलंडने एप्रिल २०२३ मध्ये नाटो या अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी गटात प्रवेश केला. शेजारी घरात घुसतो हे पाहिल्यावर त्याला दोष देणं मला जमत नाही.

तटस्थांच्या खात्यात काळ्या नोंदीही आहेत, त्या झाकून मी मावशीची स्तुती करणार नाही. दुसऱ्या महायुद्धात स्विस बँकेने नाझी जर्मनीकडून सोनं घेतलं, त्यात लुटलेलं सोनंही होतं. जीव वाचवायला सरहद्दीवर आलेल्या हजारो ज्यूंना परत पाठवलं. आणि २०२० मध्ये उघड झालं की स्वित्झर्लंडमधली क्रिप्टो एजी ही सांकेतिक यंत्रं बनवणारी कंपनी कितीतरी वर्षं गुपचूप अमेरिकेच्या आणि जर्मनीच्या हेरखात्यांच्या मालकीची होती. जगातल्या अनेक सरकारांनी स्विस माल म्हणून विश्वासाने ती यंत्रं घेतली, भारतानेही. टपाल्याच्या पिशवीला मागून भोक होतं. एवढा विश्वास कमवायला शतक लागतं, आणि त्याचाच असा वापर झाला.

मारणारा एक आणि मार खाणारा दुसरा असतो तिथं काठावर उभं राहणं हा गुन्हा आहे, असं मी मानतो. मावशीही मानते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री साडेअकराला पलीकडच्या गावची एक बाई लेकराला घेऊन हॉटेलाच्या दारात आली. डोकं फुटलेलं होतं. मागून नवरा आणि दीर आले. मावशीने त्या बाईला मागच्या खोलीत घेतलं, दोन्ही दारांना कडी लावली आणि कढईतला झारा हातात घेऊन पुढे उभी राहिली. तिच्या भाच्याने पुलावर पळत जाऊन एकशे बाराला फोन लावला. नवरा ओरडत होता, “आमच्या घरचं हाय, तू मधात येऊ नोको. तू तं कोणाचीच नाही म्हणते ना?” ती म्हणाली, “भांडण असलं तं कोणाचीच नाही. हे भांडण नाही होय.”

हे तिने मला सांगितलं नाही. पोलिसांसोबत आलेल्या आमच्या गावच्या पोलीस पाटलाने सांगितलं. त्या गावचे काही लोक अजूनही तिच्याकडे चहा घेत नाहीत. पण पुढच्या वर्षी त्याच गावच्या दोन भावांची वाटणी त्याच खोलीत झाली.

पांदणीचा करारनामा मी स्वतःच्या हाताने लिहिला, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर. दोन्ही घरांच्या सह्या झाल्या, पाच पंचांच्या झाल्या. साक्षीदारांत एक जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. मावशीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, कागद पाहिला आणि परत दिला. मी म्हणालो, “मावशी, तुमच्याशिवाय हे झालं नसतं.” ती म्हणाली, “मी सही केली तं उद्या कोणी मोडलं की मले कोर्टात बलावतीन. मंग तिसऱ्या भांडणाचे लोक माह्याकडं कायले येतीन? तुमीच करा सही.” मी फार आग्रह केला नाही. निदान ठिकाण तरी लिहू, असं मी विचारलं. “फाट्यावर बसून ठरलं, एवढं लिवा,” ती म्हणाली. मी तेवढंच लिहिलं.

तिन्ही बैठकांचे मिळून सेहेचाळीस चहा आणि एकोणीस प्लेटी झाल्या होत्या. तिच्या वहीत सगळं पेन्सिलने लिहिलेलं होतं, दोन्ही घरांच्या नावांखाली वेगवेगळं. काकांनी सगळे पैसे मी देतो म्हणून पाकीट काढलं. तिने घेतले नाहीत. ज्याचे त्याच्याकडून मोजून घेतले. पाच रुपये सुटे नव्हते, ते दुसऱ्या दिवशी भाच्याच्या हाती पाठवले.

कोणाला दोन पक्ष घेऊन जायचं असेल तर बुधवार टाळा. त्या दिवशी आठवडी बाजार असतो, खोलीत कांद्याची पोती ठेवलेली असतात. दुपारी दोन ते चार बरं, कढई उतरलेली असते आणि गर्दी नसते. आदल्या दिवशी सांगून ठेवा. तिला मत विचारू नका. बोंडे खायचे असतील तर मात्र सकाळी आठच्या आत या, नंतर रस्सा उरतो आणि बोंडे संपलेले असतात.